डचेसचं दूध

९ सप्टेंबर
गेली डचेस. सकाळीच ट्रक आला. म्हातारी गाय आपणहून फळीवर चढली — खाण्याची बादली दिसली की कुठेही येते ती. बादली ॲलिस्टरने मला धरायला लावली. माझ्याच हाताने!

टिली शाळेत होती. नवऱ्याने तेवढी तरी अक्कल दाखवली.

१० सप्टेंबर
ॲलिस्टरने गोठ्यातल्या बाकी सगळ्या गाईंच्या शेपटीचे केस उपटून तपासणीला पाठवले. दुधात म्हणे एक प्रथिन असतं, त्याच्या दोन जाती — ए-वन आणि ए-टू. ए-वनवाल्या गाई काढायच्या, नुसत्या ए-टू ठेवायच्या. त्या दुधाला भाव जास्त. कर ना बापडा धंदा! पण पोरीचं दुखणं त्यात कशाला ओढतोस? गावच्या हॉलमधल्या सभेत चारचौघांपुढे म्हणाला, "ए-वननेच माझ्या टिलीला डायबिटिस झाला." डॉक्टरीणबाईंनी तर साफ सांगितलं होतं, "तसं सिद्ध झालेलं नाही. गुन्हेगार शोधत बसू नका, इन्सुलिन वेळेवर द्या." कोण ऐकतो!

बाकी गाईंचं दूध टाकीत जातं, डचेसचं घरात. टिली त्यावरच वाढली. म्हणून डचेसची तपासणीसुद्धा नाही. "आणखी पुरावा काय हवा?" म्हणे. हा न्याय!

१४ सप्टेंबर
रविवार. सासूबाई जेवायला. भाजलेलं मेंढीचं मटण, आणि तोंडी लावायला टोमणे. "आमच्या घराण्यात कुणाला साखर नव्हती हो."

डचेस म्हणजे माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली कालवड. गाय माझ्या माहेरची, म्हणजे रोगही माझ्या माहेरचा! ॲलिस्टर मूग गिळून बटाटे वाढत होता. चीड आली. अजून आहे.

२ ऑक्टोबर
शाळेतला वासरू-दिन जवळ आला, मुलांनी वाढवलेल्या वासरांची स्पर्धा. टिली डचेसच्या कालवडीला दोरीने चालवायला शिकवते आहे. कुंपणापाशी तिला समजावत होती, "तुझी आई वाईट नव्हती गं. फक्त तिचं दूध वाईट होतं."

आत आले आणि रडले.

तिच्या उशीखाली डचेसच्या शेपटीचे केस सापडले. "आदल्या दिवशी उपटले, आई. तिने लाथसुद्धा मारली नाही." मुळांसकट होते. थोडे काढून घेतले. डचेसचा नंबर घालून पाठवून दिले. ॲलिस्टरला बोलले नाही.

२१ ऑक्टोबर
तपासणीवाल्या बाईचा फोन. ए-टू! निखळ ए-टू, नावालाही ए-वन नाही! मनात म्हटलं, आता रविवारच्या जेवणात सासूबाईंच्या ताटातच वाढते हे.

मग ती म्हणाली, "पण परत कशाला पाठवलेत? हीच गाय तुमच्या मिस्टरांनी ऑगस्टमध्ये तपासून घेतली होती की."

त्याला माहीत होतं.

२२ ऑक्टोबर
दूध काढायच्या वेळी गाठलं त्याला. मान वर न करता एकेका गाईला नळ्या लावत बोलला.

"हॉस्पिटलातून आल्यावर टिली म्हणाली, 'बाबा, मी चोरून चॉकलेटं खायचे म्हणून झालं ना?' नाही म्हटलं तर पटेचना. रोज तेच रडगाणं. मग म्हटलं, दुधामुळे झालं. गप्प झाली. दोन दिवसांनी विचारते, 'मग डचेसला ठेवलंय कशाला?'"

"आणि तपासणी?"

"वाटलं, खरंच ए-वन निघाली तर बरं. निघाली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तिला जाऊ दिलं असतंस?"

नसतं. पण आईपुढे एक शब्द तरी बोलायचास, मेल्या! तेही म्हणाले. त्यावर तो पुढच्या गाईकडे गेला.

२५ ऑक्टोबर
वासरू-दिन. टिलीच्या कालवडीला लाल फीत, पहिला नंबर! परीक्षक बाईंनी विचारलं, "कुणाची गं ही?"

"डचेसची. तिच्यामुळे मला डायबिटिस झाला. माझ्यामुळे नाही. हो ना आई?"

सासूबाई शेजारीच होत्या. माझ्याकडेच बघत होत्या.

मी म्हटलं, "हो."