वरची ओळ मनीषची

भरे, ता. मुळशी
रविवार, २४ ऑगस्ट २००८

चि. जान्हवीस अनेक आशीर्वाद.

पहिल्या कागदावर सवयीने ‘चि. सौ.’ लिहून बसलो होतो. तो फाडला. वर्ष उलटलं तरी हाताला कळत नाही, त्याला मी काय करू?

इकडे चाललंय तसं चाललंय. भातलावणी उरकली. तुझ्या सासूबाईंचा गुडघा दुखतो आणि डॉक्टरचं नाव काढलं की त्यांना राग येतो. घोटावड्याच्या बाजूला आणखी एक कारखाना उभा राहतोय, म्हणून नोकरीचे अर्ज टाइप करून घ्यायला पोरं ओटीवर येऊन बसतात. मुख्याध्यापक होतो तेव्हासुद्धा एवढा भाव नव्हता बघ. जुईलीला दात आले का? 

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. फोन करायची छाती होईना. तू लिहिलंस, की मनीषच्या लिनक्समध्ये ‘बाळ’ नावाचं फोल्डर आहे. तू बाळंतपणाला बार्शीला गेलीस तेव्हा त्याने रोज थोडं थोडं बोलून ठेवलंय, पासवर्ड तुला माहीत आहे, आणि पहिल्या वाढदिवसाला पोरीला बापाचा आवाज ऐकवायचाय. सात तारखेला तू येणार. तोवर कॉम्प्युटरला कोणी हात लावू नये.

जान्हवी, कॉम्प्युटर मध्यंतरी बिघडला होता. त्यात व्हायरस शिरला आणि दुकानवाल्याने

हे खोटं आहे. असली लबाडी मी पोरांच्या वहीत लाल शाईने पकडायचो. नीट सांगतो.

आमची भांडणं तू ऐकली आहेसच. कॉम्प्युटर कशावर चालवायचा, तर तो म्हणायचा लिनक्स, मी म्हणायचो विंडोज. “बाबा, तुमची ही विंडोजची सीडी चोरीची आहे. जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांना छड्या मारल्यात, आणि आता?” मी म्हणायचो, अख्खा तालुका हीच वापरतो, माझा मराठी फॉन्ट हिच्यातच चालतो. तुझं शहाणपण तिकडे हिंजवडीत ठेव. शेवटी त्याने एकाच यंत्राच्या दोन वाटण्या केल्या. सुरू केलं की पडद्यावर दोन ओळी यायच्या, वर त्याचं लिनक्स, खाली माझं विंडोज. दहा सेकंदांत बाण दाबून निवडायचं, नाहीतर आपोआप वरचं उघडणार. बापाची ओळ खाली म्हणून मी दोन दिवस धुसफुसलो. तो नुसता हसला.

पिरंगुटच्या घाटात तो गेला, आणि त्यानंतर ते दहा सेकंद मला पुरेनात. चष्मा शोधेपर्यंत, आलेल्याला बसा म्हणेपर्यंत त्याचंच उघडायचं. त्याचं नाव यायचं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. मी गावाचं नाव घालून पाहिलं, त्याच्या आईचं, तुझं, लहानपणीच्या बैलाचंसुद्धा. तुला विचारलं असतं तर एका फोनचं काम होतं. पण मी बारशाला आलो नव्हतो. “माझा पोरगा जाऊन दोन महिने झालेत आणि तुम्ही पेढे कसले वाटता?” असं तुझ्या वडिलांना बोलून बसलो होतो. त्यानंतर तुला कोणत्या तोंडाने विचारू? चूक माझी, आणि अढीही मीच धरली.

मेमध्ये वरच्या वाडीची कृष्णाबाई रेशनकार्डाच्या अर्जासाठी आली. यंत्र पुन्हा तिथंच अडलेलं. म्हणाली, “गुर्जी, ह्ये काय मागतंय?” म्हटलं, पासवर्ड. “मंग द्या की त्येला. कवाधरनं नुसतं बघत बसलाय तुमी.” तिचं काही चुकलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्याच दिवशी पिरंगुटच्या दुकानातून अमोघला बोलावलं आणि सांगितलं, एकच ठेव, विंडोज. त्याने सीडी घातली, डिस्कच्या भागांची यादी आली. तो थांबला. “गुर्जी, ह्या भागापुढं अननोन लिहून आलंय. विंडोजला त्यो वळखता येत न्हाई. कुणाचं काय हाय का ह्यात?”

मी म्हटलं, “काही नाही. पुसून टाक.”

आवाजाचं मला ठाऊक नव्हतं, तुझी शपथ. पण ते मनीषचं आहे हे ठाऊक होतं. मला ते रोजचं विचारणं नको झालं होतं. आता यंत्र सरळ उघडतं, काही विचारत नाही, पण मलाच त्याच्यापुढे बसवत नाही.

तुझं पत्र आल्यावर डिस्क पिशवीत घालून पुण्याला नेली. तिथल्या माणसाने दोन दिवस ठेवून घेतली. वर माझे तीन महिन्यांचे अर्ज लिहिले गेलेत, खालचं आता निघणार नाही, म्हणाला. तुझ्या सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या सात तारखेचे दिवस मोजतायत.

हे समजल्यावर सातला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण जुईली मोठी झाल्यावर हे तिला तू सांगू नकोस. मी सांगेन. तेवढ्यापुरती तरी तिला माझ्यासमोर आण.

आणखी एक आहे. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये तिन्हीसांजेला तो खोलीचं दार लोटून बोलत बसायचा. मला वाटे, तुझ्याशी फोनवर बोलतोय. मुलगा-सुनेचं बोलणं बापाने ऐकू नये, म्हणून मी उठून ओटीवर जायचो. रोज जायचो गं! एकदाच, ओटीवर पावसाची झड येत होती म्हणून घरात थांबलो. तेव्हा जे कानावर पडलं ते खाली लिहितो. पदरचा एक शब्द घातलेला नाही.

“ऐकतेस ना? आज खाचरात पाय घसरून सपशेल आपटलो. आई पोट धरधरून हसली.” मग कुकरची शिट्टी झाली, मधलं गेलं. मग, “भ्यायचं अजिबात नाही. मी आहे. तू आलीस की तुला पाठीवर घेऊन बांधाबांधाने फिरवीन.”

मुलगीच होणार हे त्याने कशावरून धरलं होतं, कोण जाणे. पाठीवर म्हटल्यावर मलाच लाज वाटली आणि मी मागच्या दाराने बाहेर गेलो. तो पुढे बराच वेळ बोलत होता.

जुईलीचा आजोबा,
दादासाहेब