खोलीत दुसरं कुणी नको

२ मे
सुप्याला आलो. खोली झकास. वर स्लॅब, दारात नळ, मोबाईलला फुल रेंज. आमच्या खर्ड्याकडच्या वस्तीवर रेंजसाठी माझी पोरगी जया पाण्याच्या टाकीवर चढायची. म्हणूनच ही खोली घेतली. अकरा तारखेला दुपारी दोन ते चार तिची वकिलीच्या कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा आहे, घरीच, तिच्या सरांनी दिलेल्या लॅपटॉपवर. कॅमेऱ्यातून लांबची कुणी बाई सगळा वेळ बघत बसणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा आवाज आला की पेपर बंद. तिचा बाप बिभीषण म्हणालाय, परीक्षा गेली तर दिवाळीनंतर जयाही ऊसतोडीला. तो बोलतो ते करतो.

वही जयाने दिली. म्हणाली, "आये, तुझं तोंड गप ऱ्हात न्हाई. सरावाच्या टायमाला बाहेर बस अन् बोलायचं ते लिही." चौथी पास बाईला गृहपाठ!

४ मे
शेजारचे सगळे कंपनीत. दिवसभर दार बंद, आत जया, मी पायरीवर. बोलायला कुत्रं नाही.

नव्या जागेत आमच्यात जागेवाल्याला, म्हणजे तिथं आधीपासून जे असतं त्याला, दहीभात ठेवतात. तो राहिलाच होता, आज जयाच्या खुर्चीमागच्या कोपऱ्यात ठेवला. हात जोडून म्हणायचं असतं, जेव आणि आमच्या वाटेला येऊ नको. माझी जीभ आगाऊ. सरावाला पोरीचे हात कापतात, आत एकटं वाटतं म्हणाली. म्हणून मी म्हटलं, "जेव, अन् पोरीपाशी बसून ऱ्हा. तिला एकटं सोडू नको."

६ मे
ताट पुसल्यासारखं लख्ख. मांजर म्हणावं तर खिडकीला जाळी.

जया मात्र शांत झाली. टेबलावर ओळखपत्र आणि पाण्याची बाटली, बाकी काही नाही. लॅपटॉप उचलून चारी भिंती कॅमेऱ्याला दाखवते, पाच वेळा श्वास घेते, बसते. हात कापत नाहीत. आता एकटं वाटत नाही म्हणाली. मला बरं वाटलं. मग नाही वाटलं.

८ मे
सराव परीक्षा मधेच थांबली. बघणाऱ्या बाईने जयाला सांगितलं, मागे बसलेल्या आजींना बाहेर पाठवा.

मी पायरीवर होते.

जयाने हाक मारली. खुर्चीमागं नुसती भिंत. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र कुणीतरी उकिडवं बसलेलं. गुडघे कानांच्या वर. तोंड जयाच्या वेणीला लागलेलं. मी म्हटलं सावली आहे, अभ्यास कर. तिने वेणी पुढं ओढून घेतली.

९ मे
ताट उचललं. जा म्हटलं. पाया पडले, मग शिव्या दिल्या. पडद्यावर आहे तसंच. बसवलंय मीच, ते का उठेल.

बिभीषणला फोन लावला. उचलला नाही.

१० मे
शेजारणीची किल्ली मागून तिच्या खोलीत बसून पाहिलं. तिथंही जयाच्या मागं. सोडू नको म्हटलं होतं ना मी — सोडत नाही.

पोरगी जेवली नाही. उद्या पेपर.

११ मे
पावणेदोन. दहीभात कालवला. ताट पायरीवर, माझ्या शेजारी. दाराच्या फटीला तोंड लावून हळू म्हटलं, "तिला मी हाय. मलाच कुनी न्हाई. माझ्यापाशी येऊन बस."

दोन वाजले. आत माऊसची टिकटिक. पेपर चालू आहे. कुणी थांबवला नाही —

पायरीवर वजन आलं. उजव्या अंगाला. बघणार नाही.

तीन वाजत आले. टिकटिक चालू.

गुडघा दिसतोय. डोळ्याच्या कडेला. माझ्या डोक्याच्या वर —

पळता येत नाही. पळाले तर परत आत जाईल.

बोटं आली. गालावर. ओठ चाचपतंय —

पदर तोंडात कोंबलाय. एक तास राहिला. आवाज करायचा नाही. जया, तू लिही. मी अजिबात —