कमळाच्या तळ्यातले मासे

आश्विनातला मंगळवार, दिवेलागण

आज तळ्यावर गिरजामावशी भेटलीच. दर दिवाळीला ती इथली कमळं काढून इचोड्याच्या बाजारात विकते. आज टोपली रिकामी.

"सायेब, यंदा कमळं काऊन नाही आली?"

"ऊन जास्त झालं, मावशी."

खोटं बोललो. बोटीच्या वल्ह्यात पाणगवत अडकते म्हणून गवत खाणारे मासे मीच सोडले. आधी कमळाभोवती जाळी बांधायची होती. बोटिंगच्या उद्घाटनाची घाई, म्हटलं नंतर बांधू. माशांनी गवत संपवलं, मग कमळाचे कोवळे कोंब. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

मग तिनं पदराची गाठ सोडली. आत कणकेच्या गोळ्या.

"माशायले खाऊ घालून राह्यली बापा. पुण्य लागते. फुलं येतील."

हात मोकळे हवेत म्हणून रिकामी टोपली माझ्याकडे दिली. एकेक गोळी पडली की ते माजलेले मासे तिच्या पायाशी गर्दी करत. मी टोपली धरून उभा. तेव्हा तरी बोलायचं होतं ना?

"सायेब, तुमी बी दोन टाका."

टाकल्या.