ईस्टरच्या आत पाळणा

चौसाळा
२ ऑक्टोबर २०२३

प्रिय सोमनाथ यास,
ताराआक्काचा प्रभूच्या नावात सलाम व पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

अभिनंदन. तुला मुलगा झाल्याचं मला परक्या माणसाकडून कळलं. आठवडी बाजारात चंद्रभागाबाईने मला मेथीच्या ढिगापाशी गाठलं आणि मला ऐकू येत नाही म्हणून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की तुमच्या भावाला पोरगं झालं म्हनं, मग पेढे कावून न्हाई आले? मी तिला म्हटलं, बाई, माझ्या भावजयीला तरी कळवलंय का ते आधी विचारते.

मग पाळकसाहेबांकडून उलगडा झाला. मांजरसुंब्याच्या मंगल कार्यालयात कोणी ब्रदर युवराज म्हणून संदेष्टे सभा घेतात. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की ईस्टरच्या आत तुझ्या घरात पाळणा हलेल, रक्ताचा मुलगा होईल. आणि तू पुढच्याच रविवारी बीडच्या चर्चमध्ये उभा राहून मुलगा मिळाल्याची साक्ष दिलीस. मिळण्याआधीच मिळालं म्हणून चारचौघांत आभार मानले, की देवाला माघार घेता येत नाही, अशी तिकडे पद्धत आहे म्हणे. देवाला भर सभेत कोंडीत पकडायची ही युक्ती आमच्या वेळी नव्हती. आम्ही नुसती प्रार्थना करायचो.

ईस्टर मार्चअखेरीला येतो. आज ऑक्टोबर लागला. धनश्रीला दिवस गेलेले नाहीत, हे तीच मागच्या महिन्यात म्हणाली होती. बाकीचं गणित तू तुझ्या एसटी आगारातल्या कोणाकडूनही करून घे. आणि दत्तकाच्या अर्जाचं काय झालं तेही कळव. इतकी वर्षं थांबलात, नंबर जवळ आला असेल.

फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही. मोबाइलवर लिहायलाही सांगू नकोस. माझं अर्धं वाक्य तो स्वतःच पुरं करतो, तुझ्या संदेष्ट्यासारखा. आपला परमेश्वर कंडक्टर गाडी घेऊन जातो-येतो, त्याच्या हाती पत्र दे.

लोभ आहे तेवढा राहू दे; वाढवायला ईस्टरची वाट पाहू नकोस.
तुझी, अजून आत्या न झालेली,
ताराआक्का

*

बीड
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय आक्कास,
सोमनाथचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं, टोमणे मिळाले. परमेश्वर म्हणाला, आक्काच्या पाकिटाला लगेजचं तिकीट लावायला पायजे.

तू जन्मभर बायबलबाई म्हणून गावोगाव फिरलीस. देव जिवंत आहे, तो बोलतो, असं बायकांना सांगत आलीस. आता तो खरंच बोलला तर तुला चालेना, कारण तो तुझ्या भावाशी बोलला. बायबलात अगाब संदेष्ट्याने पौलाला पुढचं सांगितलं ते खरं. फिलिप्पाच्या चार मुली संदेश द्यायच्या तेही खरं. छापून आलंय ना! शेवटचं पान छापलं आणि देव मुका झाला, असं तुमच्या जुन्या मंडळीचं म्हणणं आहे काय?

ब्रदर युवराज मला ओळखत नव्हते. हजार माणसांतून त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, या माणसाला मूल नाही. त्यांना कसं कळलं, एवढंच तू मला सांग. ते पूर्वी लग्नांत सूत्रसंचालन करायचे, हे तू पुढच्या पत्रात काढणारच आहेस, म्हणून मीच सांगून टाकतो. प्रभूचा शिष्य होण्याआधी पेत्रही मासे धरायचा.

दत्तकाचं तूर्त बाजूला ठेवलंय. एका हातात देवाचा शब्द आणि दुसऱ्या हातात अर्ज धरणं हा अविश्वास आहे, असं ब्रदर म्हणाले. मला ते पटलं.

राग मानू नकोस. मानलास तर नाताळला करंज्या घेऊन ये आणि इथे येऊन मान.
तुझा,
सोमनाथ

*

बीड
१८ जानेवारी २०२४

पूज्य ताराआक्कांना,
धनश्रीचा सलाम. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. परमेश्वरभाऊंना शपथ घातली आहे, ते बोलणार नाहीत.

नाताळात तुम्ही पाहिलंतच. यांनी साक्ष दिल्यापासून चर्चमधल्या बायका बाळंतविडा आणून देतात. सगळं निळं. निळी झबली, निळी टोपरी, निळे मोजे. कपाट उघडलं की अंगावर पडतं. नको म्हटलं तर माझा विश्वास कमी आहे असं होतं. उपासनेला गेले की बायका आधी माझ्या पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे. मागच्या रविवारी एकीने न विचारता पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून आभार मानले. मी दुपारी भाकरीबरोबर काय खाल्लं होतं त्याचे आभार मानले असतील.

आता मुद्द्याचं. शिशुगृहातून आमच्या नावावर एक मुलगी निघाली आहे. फोटो आला. दीड वर्षाची आहे. मुठीत स्टीलचा चमचा घट्ट धरलाय आणि फोटो काढणाऱ्यावर रागावलेली आहे. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा, आणि दोघांच्या सह्या लागतात. यांनी फोटो पाहिला आणि फोन पालथा घातला. मुलगी घेतली तर दिलेला शब्द नाकारल्यासारखं होईल म्हणतात. मी अंगणवाडीत दिवसभर लोकांची पोरं जेवू घालते. त्या मुलीचा चमचा रिकामा आहे, हे मला फोटोतही दिसतं.

देव आज माणसांशी असा बोलतो की नाही, यावर तुम्ही भावंडं खुशाल भांडा. मला एवढंच कळत नाही, की माझ्या पोटाबद्दल देवाला काही सांगायचं होतं, तर मी तिथेच यांच्या शेजारी बसले होते. मला का सांगितलं नाही?

ती मुलगी मला हवी आहे, आक्का. खूप हवी आहे.

माझ्यावर असाच जीव असू द्यावा.
आपली,
धनश्री

*

चौसाळा
२२ जानेवारी २०२४

प्रिय सोमनाथ यास,
ताराआक्काचा सलाम. वि. वि.

धनश्रीने मला सगळं कळवलं आहे. तिच्यावर डाफरू नकोस. डाफरण्याचं खातं घरात माझ्याकडे आहे.

काल मी मांजरसुंब्याला सभेला जाऊन आले. स्वयंसेवक मोठे प्रेमळ. दारातच विचारतात, की आजी, कशासाठी आलात? आजाराला लाल फीत, नोकरीला पिवळी, मुलाबाळासाठी निळी. गर्दीत प्रार्थनेची सोय व्हावी म्हणून मनगटाला बांधतात. मी निळी मागितली. पोरगं जरा बिचकलं, पण बांधली. तुझ्या मनगटाला कोणत्या रंगाची होती रे? हजार माणसांतून त्यांना कसं कळलं म्हणून विचारत होतास ना?

माझी पाळी आली. ब्रदर युवराजांनी फीत पाहिली, माझे पांढरे केस पाहिले, डोळे मिटले. मला काही ऐकू आलं नाही, म्हणून शेजारच्या बाईने कानात ओरडून सांगितलं, की ईस्टरच्या आत माझ्या सुनेची कूस उघडेल. सोमनाथ, सून यायची तर मुलगा पाहिजे, मुलगा यायचा तर नवरा पाहिजे. म्हणजे ईस्टरच्या आत माझी किती धावपळ आहे बघ.

तू विचारलंस, देव मुका झाला काय. अजिबात नाही. मी त्याच्या आवाजावरच जन्म काढला आहे. पण त्याला माईक लागतो हे मला माहीत नव्हतं. अगाबाने पौलाला पुढची संकटं सांगितली, तरी जायचं की नाही ते पौलाने ठरवलं. संदेशांना तुच्छ मानू नका म्हणणाऱ्या त्याच पौलाने लगेच पुढे सगळ्याची पारख करायलाही सांगितलं आहे. तुमच्या सभेत ते पान बहुतेक चिकटलेलं असतं. आणि हन्नाची गोष्ट तुला मीच शिकवली होती. ती बाई मुलासाठी रडत होती आणि एली याजकाला वाटलं, दारू प्यालीय. देवाच्या माणसालाही समोरच्या बाईचं दुःख ओळखता आलं नाही. तुझ्या शेजारी तर ती रोज बसते.

सही कर.

ताराआक्का

*

बीड
२४ जानेवारी २०२४

आक्कास,
सलाम.

तुझं पत्र लई भारी. फितीचा रंग वाचून आगारात बसून मी हसलो. मग हसू आलं नाही. माझी फीत निळीच होती.

तरी मी थांबलो आहे, त्याचं कारण ब्रदर युवराज नाहीत. तू एवढं शास्त्र सांगितलंस, म्हणून तुला खरं सांगतो.

मी मांजरसुंब्याच्या ढाब्यामागे सापडलेलं पोर. बाबांनी ते माझ्यापासून कधी लपवलं नाही, गावानेही नाही. कोणी म्हणतं ऊसतोडीच्या टोळीतल्या कोणाचं असेल, कोणी म्हणतं ट्रकवाल्याचं. कोणाला ठाऊक नाही. तुमच्या घरी मला काही कमी पडलं नाही, तुझ्या मारासकट. पण आरसा सोडला तर माझ्यासारखं तोंड मी जगात कुठे पाहिलेलं नाही. दिवाळीनंतर टोळ्यांचे ट्रक आगारावरून जातात ना, तेव्हा मी अजूनही हातातला पाना खाली ठेवतो आणि वर बसलेल्या माणसांची नाकं बघतो. या वयात.

युवराज रक्ताचा मुलगा म्हणाले, तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, की माझ्यासारखं नाक असलेलं एक माणूस जगात येणार आहे. त्यांनी उद्या सूर्य पश्चिमेला उगवेल म्हटलं असतं, तरी मी साक्ष दिली असती. हे पाप आहे का ते सांग. टोमणा नको.

सोमनाथ

*

चौसाळा
२५ जानेवारी २०२४

माझ्या सोमनाथ,

पाप नाही, बाळा. इतकी वर्षं तू ट्रक बघत होतास आणि मला कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

टोमणा नाही, फक्त आठवण सांगते. बाबा तुला शालीत गुंडाळून घेऊन आले, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आदल्या रात्री कोणाला स्वप्न पडलं नव्हतं. आईला दर्शन झालं नव्हतं. तू रडत होतास आणि आईने शेळीचं दूध तापवायला ठेवलं. पुढे मंडळीतल्या कोणी तिला विचारलं, की हे पोर ठेवून घ्यायला तुला देवाने सांगितलं का? ती म्हणाली, सांगायला कशाला पायजे, पोरगं समोर रडतंय की. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मला तिच्याइतका देवाचा शब्द अजूनही कळलेला नाही.

आणि नाकाचं म्हणशील, तर तू लहान असताना मी तुला कडेवर घेऊन बाजारात जायचे आणि चंद्रभागाबाई दरवेळी म्हणायची, आगदी बहिणीवर गेलाय बगा. तिला सगळं माहीत होतं. तरी तिला तसंच दिसायचं.

तुला नाहीच म्हणायचं असेल, तर त्या मुलीला जाऊन तोंडावर सांग. फोन पालथा घालून सांगू नकोस.

तुझीच,
आक्का

*

बीड
२ एप्रिल २०२४

पूज्य ताराआक्कांना,
धनश्रीचा, यांचा आणि रोहिणीचा सलाम. वि. वि.

ईस्टरला तुमचे गुडघे आडवे आले म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर तुम्हाला काय कळलं आणि परमेश्वरभाऊंनी त्यात काय भर घातली, देव जाणे.

जानेवारीअखेरीस हे शिशुगृहात नाही म्हणायलाच गेले होते, हे तुम्हाला माहीत आहे. पण सही कशी झाली ते यांनी मला सांगू दिलं नव्हतं. रोहिणी कोणाकडे जात नव्हती. यांच्याकडे बराच वेळ रागाने बघत बसली, मग सरकत आली आणि तो रिकामा चमचा यांच्या तोंडाशी धरला. यांनी तोंड उघडलं, घास घेतला, चावला. तिने पुन्हा भरवला. यांनी पुन्हा खाल्लं. मग तिथल्या बाईंकडे पेन मागितलं.

ईस्टरच्या उपासनेला ब्रदर युवराज पाहुणे म्हणून आले. त्यांनी माईकवर जाहीर केलं, की शब्द पूर्ण झाला, ईस्टरच्या आत पाळणा हलला. मुलग्याची मुलगी झाली, दीड वर्षाची झाली, रक्ताची राहिली नाही, एवढे बारीक फरक सोडले तर तंतोतंत. मंडळीने टाळ्या वाजवल्या.

हे उठले. रोहिणी कडेवर होती, बाळंतविड्यातलं निळं झबलं घातलेलं, दंडात घट्ट झालेलं. मला वाटलं, हेही आता हालेलुया म्हणतात. यांनी ब्रदरांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, की मी इथं दिलेली साक्ष खोटी व्हती. मला काय मिळालं न्हवतं. ही पोरगी कुनाच्या शब्दानं आली न्हाई, आमी जाऊन आनली. उलट त्या शब्दापायी मी तिला तिथं आनखी बसवून ठेवनार व्हतो, त्याची माफी मी हिची मागतो आन् हिच्या आईची मागतो. आक्का, शेवटचं वाक्य यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. सगळ्यांसमोर. मी रडले, आणि बायका या वेळी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

ब्रदर युवराज देवाचे मार्ग अगम्य आहेत असं काही बोलू लागले, पण माईक यांच्या हातात होता आणि यांचा हात रोहिणीच्या तोंडाजवळ. तिला तो मोठा चमचा वाटला असावा. तिने तो तोंडात घातला आणि स्पीकरमधून चर्चभर नुसती चपचप. पाळकसाहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, आजचा संदेश एवढाच. मग आशीर्वाद देऊन उपासना संपवली.

तिच्यावर तुमचा लोभ असावाच, पण आधी गुडघ्यांवर असू द्या आणि लवकर या.
आपली,
धनश्री

*

चौसाळा
४ एप्रिल २०२४

प्रिय सोमनाथ, धनश्री आणि चमचेवाली रोहिणी यांस,
ताराआत्याचा सलाम. वि. वि.

पत्र चंद्रभागाबाईला वाचून दाखवलं. पेढे तिने स्वतःच आणले आणि अर्धे स्वतःच खाल्ले.

मला सांगितलेली सून अजून आलेली नाही. ईस्टर होऊन गेला, पण मी अविश्वास दाखवत नाही. ओटा पुसून ठेवते.

सोमनाथ, खोटी साक्ष परत घ्यायला उभं राहणं मी जन्मभरात कोणत्या चर्चमध्ये पाहिलं नाही, आमच्या जुन्या मंडळीतही नाही. मला तुझा फार अभिमान वाटला. आईला वाटला असता.

हल्ली घरात सगळेच भविष्य सांगतात, तर आता मीही सांगते. ही मुलगी तुम्हाला दोन वर्षं धड झोपू देणार नाही. शाळेत मास्तरांशी भांडेल. मोठी होऊन मला टोमण्यांनी भरलेली पत्रं लिहील. आणि एक दिवस मी तिला घेऊन चौसाळ्याच्या बाजारात जाईन, तेव्हा मेथीच्या ढिगापाशी कोणीतरी तिच्या नाकाकडे बघून ओरडून म्हणेल, आगदी आत्यावर गेलीय बगा. एवढं मला ऐकू येईल.

खोटं ठरलं तर शास्त्रात खोट्या संदेष्ट्याला मारतात तसे मला धोंडे मारा.
तुमची,
तारा