आठ पायांचा बैल

दिपाली,

मी सौसरले गुरांच्या ढेपीच्या दुकानाची पाटी रंगवाले जाऊन राहिलो, संध्याकाळी येतो. गार्गीनं माझ्या रंगानं समोरच्या भिंतीवर बैल काढला हाय. उद्या पोळ्याचे पाहुणे येतीन म्हणून आई त्याच्यावर चुना मारते म्हणते. मारू देऊ नोको. शाळेत बाईनं तिच्या चित्रावर फुली मारली, तवापासून पोरीनं ब्रशले हात लावला नव्हता. तूही रागावू नोको. तिच्या हाताचा रंग खोबरेल तेलानं काढ, घासलेट लावू नोको.

आठ पाय काहून काढले, मी इचारलं. त म्हणे, "पप्पा, तो पळून राहिला न!"

इतकी वर्षं मी पाट्यांवर बैल काढून राहिलो. माझा एकही अजून जागचा हलला नाही.

विनोद