मला शोधायला येऊ नका

१२ सप्टें. २०२५, शुक्र.
आज दवाखान्यातून घरी. दोन दिवस ऑक्सिजन. छाती साफ आहे म्हणतात, आवाज मात्र अजून फाटलेला. तेहतीस वर्षं सिस्टर म्हणून लोकांच्या तोंडाला मास्क लावले. तो आतून इतका रबरी वास मारतो हे आत्ता कळलं.

बुधवारचं लिहून ठेवते. नाहीतर अनि सांगतो तसंच झालं असं मलाही वाटायला लागेल. त्याला आम्हा सासूसुनेत समेट घडवायची भारी घाई. मुलगा आहे, त्याचाही इलाज नाही.

खाली मीटरच्या बोर्डाला आग लागली. मी बाथरूममध्ये. ना.ने (सूनबाई नात्सुको, जपानची; एवढं मोठं नाव कोण लिहिणार) दारावर धाडधाड हात मारले. "आई, धूर! निंघा, पळा!" अंगावर कपडे चढवून बाहेर येते तो घरात कोणी नाही. दार सताड उघडं, जिन्यात काळा धूर. नात हाना घाबरली की लपते. म्हणून पलंगाखाली पाहिलं, कपाटात, गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे. हाका मारत होते आणि धूर गिळत होते. मग वाटलं, खाली उतरली असेल. तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून उतरत गेले. पहिल्या मजल्यानंतरचं आठवत नाही. शेजाऱ्यांनी उचलून बाहेर आणलं.

मायलेकी गच्चीवर होत्या. मोकळ्या हवेत. माझ्यासाठी एक मिनिट थांबली नाही ती.

१४ सप्टें., रवि.
ना. मऊ भात करते, पाठ चोळते, गोळ्या वेळेवर देते. माफी मात्र मागत नाही. उलट तीच रागावलेली! तिचं मराठी माझ्याकडून शिकलेलं, त्यामुळे भांडतेही आमच्याच बोलीत.
"आई, तुमी हानाले काहून शोधलं?"
"मंग काय सोडून पळू?"
"हो."
एवढं बोलून स्वयंपाकघरात गेली. माझं डोकं असं तापलं की बी.पी. मोजलंच नाही. मोजून काय, माहीतच होतं.

वॉर्डात एकदा शॉर्टसर्किट झालं होतं. सगळे पळाले. हलवता येणार नाहीत असे तीन पेशंट होते, त्यांच्याजवळ मी थांबले. त्याचं प्रशस्तिपत्र हॉलमध्ये लावलंय, ना. रोज त्यावरची धूळ पुसते. माणूस टाकून जाणं आमच्या नोकरीत बसत नव्हतं. घरात तर नाहीच नाही.

२० सप्टें., शनि.
सकाळी हॉलमध्ये वेगळाच खेळ. ना. तीन टाळ्या वाजवते, हाना हातातलं टाकून दाराकडे धावते. हानाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून.
"मागे नाई पाहायचं."
"मंग आजी?"
"आजी पन पळून राहिली असते."
मी सोफ्यावरून म्हटलं, "आजीचा गुडघा नाही पळत वं." हाना खिदळली. ना. हसली नाही.

माझ्या नातीला मला टाकून जायला शिकवते आहे. माझ्यासमोर.

नंतर बांगडी पाहते म्हणून ना.चं मनगट धरलं. नाडी ११२. बसल्या जागी, पोरीच्या खेळानंतर. सवयीने मोजली, कोणाला सांगितलं नाही.

२ ऑक्टो., गुरु.
दसरा. दीक्षाभूमीसाठी नरखेडहून शकूताई आल्या, माझ्या नणंद. सकाळी सगळे जाऊन आलो. गर्दीत ना.ने माझा हात घट्ट धरला होता. बरं वाटलं होतं.

जेवताना शकूताईंनी विषय काढलाच. "वयनी, सासूले धुरात टाकून सून गच्चीवर? आमच्या इकडं पोट्टी ढोराचं दावं सोडते पहिले, मंग पळते."

मी त्यांना गप्प करायला हवं होतं. तेवढा अधिकार होता माझा. मी काय केलं? ना.कडे वळून म्हटलं,
"आपल्या आईलेही अशीच सोडून पळाली होती काय वं?"

ती वरण वाढत होती. "हो, आई," म्हणाली. मग शकूताईंच्या ताटात वरण वाढलं आणि स्वतःही जेवायला बसली. अनि ताटावरून उठून गेला.

३ ऑक्टो., शुक्र.
हे मी बोलले. मी. लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाही म्हणता येणार नाही.

तिची आई त्सुनामीत गेली हे लग्नापासून माहीत होतं. कशी गेली ते कधी विचारलं नाही. दुखऱ्या जागी बोट लावू नये म्हणून. आणि लावलं तर असं, चारचौघांत.

सकाळी नेहमीसारखा चहा, माझ्याच पेल्यात. म्हटलं, "चुकलं माझं. माफ कर मले."
"आई, ते खरं हाय. खऱ्याची माफी काहून?"

शकूताई दुपारच्या एस.टी.ने गेल्या. जाताना ना.ने त्यांना डबा दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ ऑक्टो., रवि.
गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने आपणहून सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

चौदा वर्षांची होती. शाळा समुद्राजवळ. धरणी हलली ती हलतच राहिली. त्यांच्या गावात पोरांना पहिलीपासून शिकवतात: कोणासाठी थांबू नका, कोणाला शोधू नका, उंचावर जा. जुन्या लोकांचा शब्द आहे त्यासाठी, तेंदेंको. ज्याचे त्याचे पाय. पूर्वीच्या लाटांत घरंच्या घरं गेली होती, आई लेकरासाठी थांबली, लेकरू आज्यासाठी थांबलं. म्हणून घराघरात आधीच ठरलेलं असतं. तू पळशील, मी पळेन, वर भेटू. "सोडून जाणं नाई ते, आई. तुमी पळून राहिले, हे मले पक्कं माहीत हाय, म्हनून मी पळते."

ती पळाली. देवळाच्या टेकडीवर. बर्फ पडत होता. वरून रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर आईची पांढरी गाडी, शाळेकडे जाणारी. तिला न्यायला निघालेली.
"लय ओरडली मी."
चाळीस दिवसांनी सापडली, शाळेच्या फाटकापाशी.
"मी बरोबर केलं. सगळे म्हनतात बरोबर केलं."

मग म्हणाली, त्या बुधवारी गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहत होती. धुरात काहीच दिसत नव्हतं. तरी तिला कळलं होतं की मी तिला आणि हानाला शोधत खाली उतरते आहे.

चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. चादर पिळून पिळून कोरडी झाली.

१२ ऑक्टो., रवि.
दर रविवारी तिच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल येतो. बापलेक हवामानावर बोलतात. आज मला बसवलं शेजारी.

पूर्वी त्यांची कालवांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, शेती होती, समुद्रात. आता समुद्राकडे जात नाहीत. किती तरी वर्षं पत्र्याच्या खोलीत काढली, मग टेकडीवर सरकारने बांधलेल्या इमारतीत घर मिळालं. एकटेच राहतात. खिडकीतून नवी उंच भिंत दिसते, भिंतीपलीकडचा समुद्र दिसत नाही.

चहाचा कप उचलला तेव्हा माझी नजर हातावर गेली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, नखं जाड, वेडीवाकडी. नंतर ना.ला विचारलं. चाळीस दिवस चिखल उकरत होते. आधी फावड्याने, मग हाताने, त्या थंडीत.
"दवाखान्यात नाही दाखवलं?"
"त्याले लाज वाटे, आई. तो जिवंत होता ना."

चौदा वर्षांत त्या दिवसाबद्दल त्यांनी मुलीला एक प्रश्न विचारलेला नाही. गावात जे वाचले ते एकमेकांना विचारत नाहीत, तू कोणत्या बाजूनं पळालास म्हणून. दुकानात भेटतात, मान लववतात, पुढे जातात.

मला त्यांनी फोनवर वाकून नमस्कार केला. मीही वाकले, जयभीम म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२८ ऑक्टो., मंगळ.
अनि वेगळं घर बघतो आहे. वर्धा रोडकडे, तळमजल्यावर. आज सांगितलं, तेही बूट घालता घालता.
"मी बोलले म्हणून?"
"त्याचं नाही गं तिला काही. तू शोधायला उतरलीस, त्याचं आहे. जेवण पोटात राहत नाही तिचं. जिथे कोणी तिला आणि हानाला शोधत येईल, तिथे ती राहू शकत नाही."
मग म्हणाला, "तू शब्द दे, आई. पुन्हा असं झालं तर शोधणार नाही, आपली आपण निघशील. एवढाच शब्द. मग ती कुठे जात नाही."

म्हणजे हाना या घरात राहायची तर मी म्हणायचं, हानाला शोधणार नाही. अजब आहे.

९ नोव्हें., रवि.
प्रयत्न केला. स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "बरं बाप्पा, नाही शोधणार."
तिने पोळी उलटली. "आई, तुमी पेशंटच्या घरच्याईशी बोलता तसं बोलून राहिल्या."
पकडलं. 'होईल बरं, काळजी करू नका' हे हजार वेळा बोलले असेन. तोच सूर लागला होता.

"चार वर्षांची पोर धुरात असन आन् मी—"
"ती धुरात नसन. वर असन माह्यासंगं. तुमी विश्वास ठेवा."
"आन् नसली तर?"

तव्यावरची पोळी करपली.

नंतर लक्षात आलं. गाडीची किल्ली उचलताना तिच्या आईने हेच म्हटलं असणार. तिलाही तो शब्द माहीत होता, त्याच गावची ती. पोर हुशार आहे, पळाली असेल, हेही माहीत होतं. आणि नसली तर? त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, तिची भाषा मला येत नाही. पण ती मला पुरती कळते, आणि त्याचीच भीती वाटते.

१८ नोव्हें., मंगळ.
अनि म्हणतो, महिनाअखेर त्या घरवाल्याला हो की नाही सांगायचं आहे. हानाने आपल्या बाहुल्या पिशवीत भरल्या, मग काढल्या, मग भरल्या. मी भांडी घासायची नसताना घासली.

सोसायटीची नोटीस लागली. रविवारी अकराला आगीची रंगीत तालीम. भोंगा वाजला की सर्वांनी फाटकापाशी जमायचं. ना.ने नोटीस दोनदा वाचली.

२३ नोव्हें., रवि.
सेक्रेटरी साहेबांना हुशारी सुचली. अकराचा भोंगा साडेदहालाच वाजवला, लोकांची परीक्षा घ्यायला म्हणे. मी तेव्हा गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या ठेल्यावर. 'येते पाच मिनिटांत' असंही सांगून निघाले नव्हते. मेथी घेतली, गुडघ्याच्या चालीने फाटकापाशी पोचले तर अर्धी इमारत खाली जमलेली. लोक हसत होते, फोटो काढत होते. हाना शेजारणीचा हात धरून उभी.

"आजी, मी पळाली! मागे नाई पाहिलं!"
"शाब्बास. मम्मा कुठी हाय?"
"वर गेली. तुले शोधाले."

मी जिन्याकडे पाहिलं. तालीम आहे हे मला माहीत होतं. आग नाही, धूर नाही, काही नाही. तरी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग काढून घेतला. वर गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा नाही गेले. तिचं नाव घेऊन हाका मारल्या, तर भोंगा अजून वाजतच होता.

किती वेळ गेला माहीत नाही. दहा मिनिटं असतील. ती खाली आली तेव्हा अनवाणी होती, चेहरा पांढरा, केसांना जळमटं. पलंगाखाली पाहिलं, बाथरूममध्ये, कपाटात, मशीनच्या मागे, मग गच्चीवर. मी जिथे जिथे हानाला शोधलं होतं तिथे तिथे.

मला पाहिलं आणि खाली बसली. तिथेच, फरशीवर, सगळ्यांसमोर.
"मले माहीत होतं खोटं हाय. मले माहीत होतं, आई."
तेवढंच म्हणत राहिली. मी तिचं डोकं पोटाशी धरलं. मेथी कुठे पडली कोणास ठाऊक. सेक्रेटरी साहेब माइकवर म्हणत होते, तालीम उत्तम पार पडली.

संध्याकाळी शकूताईंचा फोन. अनिने त्यांना सांगितलं होतं. "पाहा वयनी, माया हाय तिले तुमची. उगाच बोल्लो आपन." खूश झाल्या होत्या.

सप्टेंबरात मला हेच हवं होतं. सुनेने माझ्यासाठी मागे वळावं. वळली. चार वर्षांच्या पोरीचा हात दुसऱ्याच्या हातात देऊन वळली. आणि मी आत नव्हतेच.

मला आनंद झाला नाही. खरं लिहिते, मी इतकी कधी घाबरले नव्हते. वॉर्डातही नाही.

२४ नोव्हें., सोम.
अनि ऑफिसला, हाना शाळेत. दोघीच घरात.

तिच्या समोर जाऊन बसले. प्रशस्तिपत्राकडे पाठ करून, मुद्दाम नाही, खुर्चीच तशी होती. म्हटलं, "नात्सु, पुन्हा असं नाही करायचं. मी दिसली नाही तरी मागं नाही फिरायचं. मी माह्या पायानं निघाली असन, असं समजायचं. शब्द दे मले."

ती बोटातली अंगठी फिरवत बसली. महिनाभर हाच शब्द ती माझ्याकडे मागत होती. देऊन टाकणं तिला जड जाऊ नये. पण देईना.

"अनि विचारते, त्या घरवाल्याले काय सांगू," मी म्हटलं.

तिने मान वर केली. डोळे भरलेले, पण आवाज नेहमीचा.
"तुमी पहिले द्या, आई."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. मग तेच आठवलं: आणि नसली तर?