शेपूट किती खाली

६ जानेवारी
वही सूनबाईची. वैशाली म्हणाली, नाना, यात फक्त माशांचे आकडे, बाकी काही लिहू नका. म्हणून बाकीचं मागच्या पानापासून उलटं लिहितोय.

तिची पीएचडी तीन वर्षं चालू आहे. विषय विचारला की इंग्रजीत सांगते. आज खोदून विचारलं. मासा मेल्यावर किती वेळात ताठ होतो, किती वेळ ताठ राहतो, परत सैल कधी पडतो. हात्तिच्या! तापीकाठी कोणालाही विचार. म्हटलं मी सांगतो, लिहून घे आणि मोकळी हो. जाळ्यातून काढल्याबरोबर डोक्यावर एक दांडका दिला तर मासा उशिरा ताठतो, जास्त टिकतो. टोपल्यात तडफडून मेला तर झटकन ताठ, झटकन सैल. बापाने सांगितलं, मी पन्नास वर्षं केलं.

"पण मोजलंय का कोणी, नाना?"

त्यात काय मोजायचं?

८ जाने.
मोजायचं असतं! वै.ने शाळेची फूटपट्टी आणली. मासा टेबलावर ठेवायचा, अर्धा आत, अर्धा बाहेर. शेपूट लोंबतं. टेबलाच्या कडेपासून किती खाली आलं ते मोजायचं. बस, एवढंच. आत्ता मेलेला रोहू तेरा सें.मी. लोंबला. तीन तासांनी चार. मग एक. नुसती फळी.

सत्तरी आली, हे कधी सुचलं नाही. दिवसभर उठून उठून बघत होतो. आमची मंडळी म्हणाली, "मासास्न्या शेपट्या मोजी राहिनात! लोके काय म्हनतीन?"

लोकांना काय करायचंय.

१२ जाने.
आज खरं सुरू. सकाळी सातला नावेवरून बारा रोहू आणले, जिवंत, पाण्याच्या टाकीत. सहा दांडक्याचे, सहा तडफडीचे. बर्फ सगळ्यांना सारखा. तासातासाला मोजणी. वै. म्हणे हातमोजे घाला. नाही घातले. मोजे चढवले की हाताला मासा कळत नाही. फॉर्म भरायचा होता एक, तो तिनेच भरला.

दुपारी एक वाजता, तडफडीचे सहाच्या सहा फळी. दांडक्याच्यातले पाच अजून लोंबतायत!! वै. कॉलेजातून शिरपूरहून फोन करून विचारत होती. ओरडूनच सांगितलं.

१५ जाने.
परत तेच. परत तेच!

वै. सांगते माणसाचंही असंच. आधी जबडा, मग हातपाय, मग परत सैल. ते माहीत आहे. बाप गेला तेव्हा मीच हात सरळ केले होते, वेळ गेली तर होत नाहीत. उजव्या हाताला दांडक्याचा घट्टा होता. तो तेव्हाही...

असो. उद्या बर्फ जास्त आणायचा.

२१ जाने.
सहा दिवस झाले, बहात्तर मासे. सगळे आकडे एका बाजूला. वै.च्या जळगावच्या सरांना फोनवर ऐकवले, ते म्हणे फारच सुंदर. १४ फेब्रुवारीला धुळ्याला सेमिनार आहे, तिथे वै. पेपर वाचणार. पेपर पाठवलाही. शेवटी माझं नाव आहे, मदत म्हणून. छापून! बापाचं नाव मधे घाला म्हटलं पूर्ण. घातलं.

भिकाला सांगायला मुद्दाम घाटावर गेलो. वीस वर्षं आमची एक नाव होती, पंचवीस वर्षं झाली वेगळे होऊन. दांडक्याला तो कायम हसायचा. पेपरचं सांगितलं तर विडी विझवून म्हणतो, "तुन्हा मासा टिकीनच. बरा बरा मासा तूच उचली लेस, आन् नाव दांडकानं करस!"

जुनंच रडगाणं. वाटणीत मी चांगला मासा उचलतो असं तेव्हाही म्हणायचा, म्हणूनच वेगळा झाला. जळतो.

२५ जाने.
सरांनी फोनवर वै.ला एक प्रश्न विचारला. बारातला कोणता मासा दांडक्याला आणि कोणता तडफडीला, हे कोण ठरवतं? वै. म्हणाली, नाना. सर म्हणे, कसं ठरवतात?

कसं म्हणजे? हातात येईल तसं. सांग तुझ्या सरांना, पन्नास वर्षांचा हात आहे. चोर आहे का मी? वै. चहा गार करून प्यायली.

२६ जाने.
बाजारासाठी मासा काढत होतो. सहज स्वतःच्या हाताकडे बघितलं.

टाकीत हात घातला. भरलेला, चपळ, डोळा चकचकीत, तो उजवीकडे. दमलेला, जाळ्यात कल्ला अडकून अर्धा झालेला, तो डावीकडे. मी ठरवत नव्हतो, हातच करत होता. गिऱ्हाईकासाठी असाच निवडतो आपण, विचारसुद्धा येत नाही.

दांडका माझ्या उजव्या हाताला असतो. टोपलं डाव्या.

२७ जाने.
सांगितलं नाही. वै.ने सेमिनारचं पुस्तक मोबाईलवर दाखवलं. माझं नाव बारीक अक्षरात, पण आहे. बापाचंही. आमचीने शेजारी दाखवून आणलं.

दमलेला मासा तसाही लवकर ताठतो. मग दांडक्याने काय केलं? काही केलं का? बहात्तर मासे मोजून मला पहिल्यापेक्षा कमी माहीत आहे.

२८ जाने.
सांगितलं. सकाळी ती डबा भरत होती तेव्हा. लांबण लावली नाही. म्हटलं, वैशाली, मी निवडत होतो. चांगले दांडक्याला, मेलेमेलेसे टोपल्यात. सहाही दिवस. मुद्दाम नाही, पण केलं.

तिने पोळी डब्यात ठेवली, झाकण लावलं. मग म्हणाली, "मी आज सरांना सांगते, हे आकडे वाचणार नाही."

"आणि पीएचडी?"

"नाना, तेरा तारखेपर्यंत नवीन झालं तर नवीन वाचीन. नाही झालं तर उभी राहून सांगीन, नाही झालं."

आमची माझ्यावर पेटली. "गप बसता उनं नई का तुमले? पोरनी तीन वरीसनी मेहनत!"

खरं तर मला हलकं वाटत होतं. तसं तोंडावर दिसू दिलं नाही.

३० जाने.
भिकाकडे गेलो. वै.ही आली. म्हटलं, तू म्हणत होतास ते खरं निघालं. पंचवीस वर्षं खरं होतं.

वाटलं नाचेल. नाही नाचला. विडी पुढे केली. मग म्हणतो, "आपला नदीवर नियम काय व्हता? वाटा करनारानी उचलानं नई. तू वाटाबी करे, उचलेबी."

वै. टुणकन उठली. "भिकाआबा, हेच! सर हेच म्हणत होते, मला मराठीत सांगता येत नव्हतं!"

ठरलं ते असं. मारायचं काम भिकाच्या झोपडीत, मी तिथे पाऊल टाकायचं नाही. तांब्यात बारा चिठ्ठ्या, सहा दांडक्याच्या, सहा तडफडीच्या. डोळे मिटून मासा काढायचा, मग चिठ्ठी, चिठ्ठी म्हणेल ते भिका करणार. ज्या दांडक्याला हसला तोच हातात! वै. मरण्याची वेळ लिहिणार, शेपटीला नंबराचा दोरा बांधणार. सगळे मेल्यावर मासे माझ्याकडे. मी नुसतं मोजायचं. कोण कसा मेला मला माहीत नाही.

मीच म्हटलं, डोक्यावर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर माराचं निशाण मला दिसेल. वै. माझ्याकडे बघून हसली. अठ्ठावीस तारखेनंतर पहिल्यांदा.

२ फेब्रुवारी
काही कळत नाही! चार लवकर ताठले, तीन उशिरा, बाकी मधेच कुठेतरी. आधी कसं सरळ होतं. आता एकेक मासा आपल्या मनाने चालतो. डोकं फिरलं. पण जागचा हललो नाही, जेवणही टेबलाशीच.

भिका रस्त्यावरून ओरडतो, "काय रे, दांडका बोली राहिना का?"

"तू गप बस! मला ऐकायचं नाही!"

५ फेब्रु.
आज सात नंबर आठ तास लोंबत होता. एवढा वेळ कोणीच नाही. हाताने लगेच सांगितलं, हा दांडक्याचा. फडकं जरा सरकवून बघावं असं फार वाटलं. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो, पोरासारखा. आमची बघून गेली. ताक आणून ठेवलं.

हातमोजे घालतो आता. मासा कमी कळतो तेच बरं.

९ फेब्रु.
सहा दिवस पुरे. परत बहात्तर. वहीची पुढची पानं संपत आली, मागून मी येतोय, मधे चारच कोरी.

चिठ्ठ्यांची यादी वै.ने पाकिटात घालून चिकटवली आणि आमचीकडे दिली. आमचीने ती बाजरीच्या पिठाच्या डब्यात ठेवली. म्हणे, "कोनी हात लावाना नई." उद्या सर जळगावहून येणार, त्यांच्यासमोर उघडायची. भिकालाही बोलावलंय. अंघोळ करून येतो म्हणाला, म्हणजे बघा.

वै. म्हणाली, नाना, उलटं निघालं तर? दांडक्याने काहीच फरक पडत नसेल तर?

म्हटलं, तर तसं वाच. बापाचं नाव गाळू नको मात्र.

ती गेल्यावर इथे बसून बहात्तर नंबरांपुढे माझा अंदाज लिहिला. दां., त., दां., दां. सगळे. मग पान फाडून चुलीत घातलं. पाकीट उघडण्याआधी हाताने बोलायचं नाही.

पीठ मळायला आमची डबा उघडते तेव्हा मी बाहेर ओट्यावर जाऊन बसतो.